लहान मेंदूचे उतरलेले टॉन्सिल : एका निदानाचा इतिहास

लहान मेंदूच्या तळाशी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक गोलसर भाग असतो. त्यांना टॉन्सिल म्हणतात. घशातल्या टॉन्सिलशी त्यांचा संबंध नाही. कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून हे भाग मानेकडे उतरले, की त्या स्थितीला किआरी विकृती म्हणतात.

तिची ओळख शवविच्छेदनाच्या टेबलावर झाली. प्रागमधील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक हान्स किआरी यांनी १८९१ मध्ये तिचे तीन प्रकार वर्णिले आणि १८९६ मध्ये चौथा जोडला. पहिल्या प्रकाराचे त्यांचे उदाहरण विषमज्वराने दगावलेल्या १७ वर्षांच्या मुलीचे होते. तिचे टॉन्सिल उतरलेले होते, पण हयातीत त्याचा त्रास असा तिला झाला नव्हता. मेंदूत साठलेल्या पाण्याच्या दाबाने लहान मेंदू खाली ढकलला जातो, असे किआरींचे मत होते. पहिल्या प्रकारात कवटीचा मागचा कप्पाच बहुधा तोकडा असतो, हे पुढे दिसून आले.

१९३० नंतरच्या दशकात कवटीच्या मागच्या हाडाचा तुकडा काढून जागा मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. १९९४ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड ओल्डफिल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर टॉन्सिल दट्ट्यासारखे खालीवर होतात आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढवतात. मज्जारज्जूत द्रवाची पोकळी तयार होण्याचे कारण त्यांनी यात पाहिले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अतुल गोयल यांनी २०१५ मध्ये वेगळी मांडणी केली : मूळ दोष मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या अस्थिरतेत आहे, म्हणून ते मणके जखडावेत. या मतावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

१९८० नंतर एमआरआय आला आणि निदान मिलिमीटरवर आले. छिद्राच्या पुढच्या-मागच्या कडा जोडणाऱ्या रेषेखाली ३ मिमीपर्यंतची उतरण सर्वसाधारण, ५ मिमी किंवा अधिक असल्यास किआरी आणि मधली सीमारेषेवरची, असा संकेत रूढ झाला. दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एमआरआयमध्ये ही उतरण दिसू लागली, तेव्हा ५ मिमीच्या पुढे जाऊनही त्रास नसलेले अनेक जण आढळले. त्यामुळे उपचाराचा निर्णय केवळ या आकड्यावर घेतला जात नाही.

लक्षणे नसतील आणि मज्जारज्जूत पोकळी नसेल, तर सहसा शस्त्रक्रिया न करता लक्ष ठेवले जाते. खोकताना, शिंकताना किंवा कुंथताना डोक्याच्या मागे कळ येणे, गरम भांडे धरूनही हाताला चटका न जाणवणे, तोल जाणे, झोपेत श्वास अडखळणे, मुलांचा कणा वाकणे, ही लक्षणे दिसल्यास मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे. पोकळी शोधण्यासाठी कण्याचाही एमआरआय लागतो. हातापायांतली ताकद झपाट्याने कमी होत असेल किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे. उभे राहिल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर शमणारी डोकेदुखी मात्र मज्जाद्रवाच्या गळतीची असू शकते. तिच्यामुळेही टॉन्सिल खाली ओढले जातात. अशा वेळी उपचार गळतीवर करायचा असतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी ही शक्यता तपासली जाते.