शाखा-संयोजक, विद्युत् वाहिन्यांचे

विद्युत् वितरणातील मुख्य संवाहक न तोडता त्यापासून ग्राहकाकडे शाखा काढण्याचे साधन. या साधनाच्या विकासाचा मुख्य प्रश्न संपर्क कायम घट्ट ठेवण्याचा आहे.

टॉमस आल्वा एडिसन यांनी ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून वीजवितरण सुरू केले. रस्त्याखाली सु. ६ मी. लांबीच्या लोखंडी नळ्यांत तांब्याचे दांडे असत. त्यांचे सांधे व शाखा लोखंडी पेट्यांत जोडून त्यांत निरोधक मिश्रण ओतीत. पुढे खांबांवरील तारांसाठी शाखेची तार गुंडाळून डाख लावणे आणि बोल्टाच्या पकडी वापरणे या पद्धती रूढ झाल्या.

विसाव्या शतकात तांब्याऐवजी हलक्या ॲल्युमिनियमाचा वापर वाढला. त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडाचा निरोधक थर त्वरित तयार होतो. सतत दाबाखाली हा धातू हळूहळू पसरून पकड सैल होते. ओलाव्यात तांब्याशी संपर्क आल्यास तो झिजतो. संपर्काचा रोध वाढला की जोड तापतो, तापल्याने रोध आणखी वाढतो व शेवटी तार वितळून तुटते किंवा आग लागते. म्हणून पृष्ठ घासून त्यावर विशेष ग्रीज लावणे आणि तांबे व ॲल्युमिनियम यांच्या जोडासाठी द्विधातवीय संयोजक वापरणे आवश्यक ठरले.

निरोधित हवाई केबलींबरोबर दातेरी संयोजक प्रचारात आले. त्यांचे दाते निरोधन भेदून धातूला भिडतात. अनेक प्रकारांत ठराविक पीळ बसताच बोल्टाचे डोके तुटते. त्यामुळे योग्य दाब कामगाराच्या अंदाजावर अवलंबून राहत नाही. उघड्या तारांवर आकडे टाकून होणारी वीजचोरी रोखण्यासाठी भारतातही अशा केबली वापरण्यात आल्या आहेत.