अमृतसरचे तंबू आणि नात्यांवरचे उपचार

मानसोपचार म्हणजे बंद खोलीत एक तज्ज्ञ आणि एक रुग्ण, हे चित्र आपल्याकडे पक्के बसले आहे. त्यामुळे नवरा-बायकोला समोरासमोर बसवून बोलते करणारा, घरातल्या माणसांना उपचारात ओढणारा मानसोपचार अलीकडचा आणि बाहेरून आलेला वाटतो. हा समज इतिहासाला धरून नाही. माणसाच्या मनाबरोबर त्याच्या नात्यांवरही उपचार करण्याची एक ठळक सुरुवात १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात झाली. अमेरिकेतले तसे प्रयोग त्याच काळातले आहेत, आणि एका बाबतीत अमृतसर त्यांच्या पुढे होते, असे मला वाटते.

त्याआधीची व्यवस्था नातेवाइकांना फाटकाबाहेर ठेवणारी होती. १९१२च्या कायद्यानुसार रुग्णालयात प्रवेश बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने होई. ठाणे, येरवडा, रत्नागिरी इथल्या उंच भिंती त्याच विचारातून उभ्या राहिल्या. आत गेलेला माणूस घराला हळूहळू परका होई आणि बरा झाला तरी त्याला न्यायला कोणी येत नसे. फाळणीनंतर, १९५० मध्ये, लाहोरच्या मनोरुग्णालयातले हिंदू आणि शीख रुग्ण सरहद्दीच्या अलीकडे आणले गेले. मंटोंच्या ‘टोबा टेक सिंह’ या कथेमुळे ही अदलाबदल साहित्यात अजरामर झाली. त्यानंतर अमृतसरला जे घडले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. गर्दीने फुगलेल्या त्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णासोबत घरच्यांनीही तिथेच राहावे, असे सांगितले. आई, भाऊ, बायको, जे कोणी सोबत येई, ते रुग्णाला खाऊपिऊ घाली, त्याच्याजवळ बसे, आणि काल अंगावर धावून येणारा माणूस उपचारांनी शांत होत जाताना डोळ्यांनी पाही. शेजारच्या तंबूतल्या कुटुंबाचीही तीच कथा असे. डॉक्टर या सगळ्यांशी आजाराबद्दल बोलत. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. आणि घराने त्यांना परत घेतले, ही त्याहून मोठी गोष्ट.

याच सुमारास, १९५४ पासून, अमेरिकेत बेथेस्डा इथे मरे बोवेन यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर आधी त्यांच्या आयांना आणि पुढे अख्ख्या कुटुंबांना वॉर्डात ठेवले. धाडस मोठेच होते. पण तिथल्या विचारावर एक सावली होती. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी स्किझोफ्रेनिया घडवणाऱ्या आईची कल्पना मांडली होती. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी घरातल्या परस्परविरोधी संदेशांच्या कोंडीत आजाराचे मूळ शोधले. म्हणजे कुटुंब उपचारात आले ते आरोपी म्हणून. अमृतसरला ते सहकारी म्हणून आले. आई आजाराचे कारण आहे, हे मत पुढे टिकले नाही. टिकले ते वेगळेच: घरातली टोचणी आणि वैरभाव यांचा आजार उलटण्याशी संबंध असतो, हे जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी लंडनमध्ये दाखवले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंदीगडच्या अभ्यासात अशी घरे लंडनपेक्षा कमी आढळली, पण जिथे वैरभाव होता तिथे त्याचा परिणामही दिसला. नाते आजार निर्माण करत नसेल, तरी बरे होणे त्याच्यावर बरेच अवलंबून असते, आणि ते बदलता येते. जोडप्यांवरचे उपचार उभे आहेत ते याच आधारावर.

यावर पहिला आक्षेप असा की, हे तत्त्व वगैरे काही नव्हते. परिचारिका कमी, खाटा कमी, म्हणून नातेवाइकांना कामाला लावले. सुरुवात टंचाईतून झाली, हे खरेच आहे. पण टंचाईने फक्त तंबू दिले. १९५७ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने मानसोपचार केंद्र काढले, तेव्हा घरच्या माणसाने सोबत राहणे हा उपचाराचाच भाग मानला गेला, आणि १९६३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी तो अनुभव अमेरिकी नियतकालिकात मांडला. पुढे बंगळूरच्या निमहान्सने खास कुटुंबांसाठी वॉर्ड चालवला. नुसती काटकसर असती, तर प्रशिक्षित मनुष्यबळ असलेल्या संस्थेने हा खटाटोप केला नसता. उलट, ज्या सरकारला यात काटकसरच दिसते ते रुग्णाला घरी पाठवून मोकळे होते, आणि घरच्यांशी बोलायला कोणी उरत नाही. त्याला विद्यासागरांचे नाव देऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. घरच जखम करत असेल तर? पुण्यातून काम केलेल्या भार्गवी दावर यांनी १९९९ मधल्या आपल्या पुस्तकात भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्याचा स्त्रीवादी दृष्टीने विचार केला. त्या बाजूने पाहिले की तंबूचे चित्र बदलते: सोबत बसलेला नवराच मारणारा असेल, तर बायको त्याच्यासमोर खरे बोलणार नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजेल. ‘संसार टिकला पाहिजे’ हा हेतू धरून दोघांना एकत्र बसवणारे समुपदेशन अशा वेळी छळाला हातभार लावते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून नाते सोडून एकट्या व्यक्तीकडे वळावे असे निघत नाही. मारहाण हीसुद्धा नात्यातच घडते आणि तिच्याकडे पाठ फिरवून त्या बाईचे नैराश्य समजणार नाही. निघते ते एवढेच की, सोबत कोण बसणार हे रुग्णाने ठरवावे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही वाट मोकळी केली आहे: प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो, आणि तो नात्यातलाच असावा अशी अट नाही. जोडप्यांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाने दोघांना एकत्र बसवण्याआधी एकेकाशी स्वतंत्र बोलावे, आणि या अधिकाराची माहिती त्याच भेटीत द्यावी.