सैल सोडलेल्या तारा

आमच्या घरी ‘हवाईयन गिटार’ म्हणजे बाबांच्या कॅसेटवरची गिटार. मांडीवर आडवी ठेवायची, तारांवरून पोलादी कांडी सरकवायची आणि जुनी हिंदी गाणी वाजवायची. त्यामुळे कॉलेजात असताना लॅपटॉपवर ‘द डिसेंडंट्स’ हा २०११चा सिनेमा बघितला तेव्हा मी गोंधळलो. त्यातलं सगळं संगीत हवाईचं आहे, पण बरीचशी गिटार वेगळीच वाटली. कांडी नाही, घरंगळणारे सूर नाहीत. एकच माणूस वाजवतोय आणि ऐकू येतात दोघं.

या शैलीला इंग्रजीत स्लॅक की म्हणतात, हवाईयन भाषेत की होआलू. अर्थ साधा: खुंटी सैल करा. आपल्या नेहमीच्या गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावलेल्या असतात. त्यातली सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक सूर खाली उतरवली की डी, जी, डी, जी, बी, डी अशी जुळणी होते. आता एकही तार न दाबता हात फिरवला तरी पूर्ण कॉर्ड वाजते. डावा हात मोकळा झाला. उजव्या हाताचा अंगठा खालच्या सुरांचा ठेका धरतो आणि बाकीची बोटं वर चाल वाजवतात. या जुळणीचं नाव ‘टारो पॅच’, म्हणजे अळूचा वाफा. अळू हे हवाईचं मूळ अन्न, म्हणून हे नाव मला फार आवडतं. अशा जुळण्या डझनावारी आहेत.

सगळी भानगड सुरू झाली गुरांपासून. १७९३मध्ये ब्रिटिश कप्तान जॉर्ज व्हँकुव्हरने राजा कामेहामेहा पहिला याला काही गुरं भेट दिली. राजाने ती मारायला बंदी घातली. गुरं वाढली, रानटी झाली, शेतं तुडवू लागली. मग १८३२च्या सुमारास कामेहामेहा तिसरा याने मेक्सिकन गुराखी बोलावले. ‘एस्पान्योल’ या शब्दावरून हवाईयन लोक गुराख्यांना ‘पानियोलो’ म्हणू लागले. हे गुराखी परतताना गिटारी मागे ठेवून गेले, पण वाजवायचं शिक्षण काही पुरतं झालं नव्हतं, असं सांगतात. हवाईयन गुराख्यांनी त्या आपल्या गळ्याला आणि आपल्या गाण्याला जुळतील तशा लावून घेतल्या. दरेक खोऱ्यात, दरेक घरात वेगळ्या.

आणि मग त्या जुळण्या घरातच राहिल्या. कुणी ऐकायला आलं तर गिटार खाली ठेवताना तारा पुन्हा बदलून ठेवायच्या, असे किस्से आहेत. आपल्याकडच्या घराण्यांच्या गोष्टी ऐकलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. पण हवाईत त्याला आणखी एक धार होती. १८९३मध्ये राणी लिलिउओकलानीची सत्ता उलथवली गेली. १८९६च्या कायद्याने शाळेचं माध्यम इंग्रजी झालं. १८९८मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली. शाळेत हवाईयन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. राज्य गेलं, भाषा चालली. अशा वेळी आजोबांनी दिलेली जुळणी कोण बाहेर सांगेल?

अडचण एवढीच की कुलूप चोराला अडवतं तसं नातवंडांनाही अडवतं. रे काने या वादकाने लहानपणी स्वतः पकडलेले मासे देऊन शिकवणी मिळवली. सगळ्याच मुलांना असा सौदा जमत नाही. म्हाताऱ्या वादकाबरोबर त्याची जुळणी जात असे.

हे कुलूप हळूहळू उघडलं. गॅबी पाहिनुईने १९४६मध्ये ‘हिइलावे’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. स्लॅक कीचं हे पहिलं ध्वनिमुद्रण मानलं जातं. गॅबी होनोलुलूत रस्त्याच्या कामावर होता. त्याच्या वाइमानालोच्या घरी मैफली रंगत आणि पोरं भोवती बसून बघून शिकत. १९६९मध्ये द संडे मानोआ या तरुण बँडचा ‘ग्वावा जॅम’ हा अल्बम आला आणि रॉक ऐकणाऱ्या पिढीला आजीची गाणी आपली वाटू लागली. १९७३मध्ये केओला बीमरने शिकवणीचं पुस्तकच छापलं. घरातली गोष्ट बाजारात मांडली, म्हणून सगळ्यांना ते रुचलं नाही. पण आज माझ्यासारखा पुण्यातला माणूस टारो पॅच लावू शकतो तो अशाच कुणी दार उघडल्यामुळे.

त्या तरुण श्रोत्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या नाहीत. अमेरिकी नौदल कहोओलावे बेटाचा बॉम्बफेकीच्या सरावासाठी वापर करत होतं. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत जॉर्ज हेल्म होता, गिटार घेऊन उंच आवाजात गाणारा. मार्च १९७७मध्ये तो आणि त्याचा साथीदार किमो मिचेल त्या बेटाजवळच्या समुद्रात बेपत्ता झाले. हेल्म २६ वर्षांचा होता. १९७८मध्ये हवाईयन पुन्हा राज्यभाषा झाली, १९८४मध्ये हवाईयन माध्यमाची बालवाडी सुरू झाली, १९९०मध्ये बॉम्बफेक थांबली.

इथे मला माझीच लाज वाटते. कित्येक वर्षं ही गिटार मी कोड लिहिताना मागे लावून ठेवत होतो. ‘शांत’, ‘रिलॅक्स’, ‘फोकस’ अशा नावांच्या प्लेलिस्टमध्ये ती असतेच. २००५मध्ये ग्रॅमीत हवाईयन संगीताचा वेगळा विभाग सुरू झाला आणि पहिली काही वर्षं स्लॅक कीचे संग्रहच जिंकत गेले, तेव्हा हवाईतच कुरबुर झाली होती: आमच्या भाषेत गाणाऱ्यांचं काय? तारा जगभर जातात, शब्द घरीच राहतात. जी भाषा गाण्यांनी जपली, तिच्याशिवाय मी ती गाणी ऐकत होतो.

गेल्या दिवाळीत भाचरांना ‘हिइलावे’ची चाल वाजवून दाखवली. माझं वाजवणं बेताचंच. पहिल्या खेपेला दोघं मोबाईलकडे वळली. मग थांबून सांगितलं: हिइलावे हा वाइपिओ खोऱ्यातला उंच धबधबा आहे. तिथे दोघांचं गुपचूप जमलंय आणि खोऱ्यातले ‘पक्षी’ गावभर चुगल्या करत सुटलेत. पक्षी म्हणजे माणसंच. धाकटी म्हणाली, “म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच!”

मग तिने पुन्हा वाजवायला लावलं, आणि पक्षी कुठल्या तारेवर आहेत ते विचारलं.