बहुरूप्याच्या चपला

आमच्या अमरावतीच्या घरी दरवर्षी सुगी सरली की एक बहुरूपी यायचा. खाकी कोट, डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा, हातात छडी. दारातूनच गरजायचा, "वारंट आहे तुमच्या नावाचं! चला ठाण्यावर!" आम्ही पोरं कणगीमागं लपायचो. आजी मात्र शांतपणे त्याच्या पायांकडं पाहायची. म्हणायची, "अरे बह्याडा, जमादार कधी तुटक्या चपला घालून येते काय?" बहुरूपी हसायचा, सलाम ठोकायचा आणि सूपभर ज्वारी घेऊन पुढच्या दारी जायचा.

दुसऱ्या वर्षी तो बूट घालून आला. आजी म्हणाली, "इतके चकचकीत बूट कोण्या जमादाराचे पाह्यले तू?" तिसऱ्या वर्षी त्यानं बुटांवर रस्त्याची धूळ बेतानं बसवून आणली. आजी क्षणभर घोटाळली. पण उंबऱ्याशी येताच तो सवयीनं "येऊ काय, माय?" म्हणाला आणि पकडला गेला. खरा जमादार विचारत नाही.

चौथ्या वर्षी खरोखरच कोर्टाचा बेलीफ आला. आजीनं त्याला नखशिखांत न्याहाळलं, "यंदा सोंग बरं जमलं रे तुले" अशी शाबासकी दिली आणि त्याच्या पिशवीत सूपभर ज्वारी ओतली. समन्स हातात धरून अंगणात उभ्या राहिलेल्या त्या भल्या माणसाचा चेहरा मी अजून विसरलो नाही.

हे सारं पुराण साठ वर्षांनी आठवायचं कारण म्हणजे रेल्वेचं तिकीट.

नोकरीच्या निमित्तानं मी अकोल्याला आलो आणि इथलाच झालो. मोठी ताई अमरावतीलाच आहे. २०२४ च्या दिवाळीआधी तिला डॉक्टरला दाखवायला मुंबईस न्यायचं ठरलं. बेत सोपा होता. ताईनं अमरावतीला गाडीत बसायचं, मी अकोल्याला चढायचं. फक्त तिकीट तेवढं हवं होतं.

एसीचं तत्काळ सकाळी दहाला उघडतं. मी साडेनऊपासून, सत्यनारायणाला बसावं तसा आंघोळ करून संगणकासमोर बसलो. दहा वाजले. पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची होती. त्यातला तो वाटोळा 'ओ' की शून्य, हे ठरवायला मी चष्मा पुसला. मग ताईचं वय लिहिलं. ते चुकलं. (तिला कळलं असतं तर खुश झाली असती.) दुरुस्त करून पाहतो तो जागा संपून प्रतीक्षा यादी लागलेली. घड्याळात दहा वाजून तीन मिनिटं. दोष कोणाला देणार? बोटं माझीच होती.

पुतण्या दिवाळीला पुण्याहून आला होता. तो तिथं संगणकाच्या कंपनीत आहे. चहा ढोसत म्हणाला, "काकाजी, तुम्ही काहून जिवाला लावून घेता? तुमच्या पुढं सारे माणसंच नव्हते. मशिनी होत्या. तुम्ही चष्मा पुसून रायले होते, तवरी त्यायनं पन्नास नावं भरून टाकले."

आता रांगेत दुसऱ्याला उभं करणं आम्हाला नवं नाही. अकोल्याच्या स्टेशनावर एके काळी आदल्या रात्री खिडकीपुढं विटा, पिशव्या आणि चपलांची रांग लागे. चार आणे घेऊन तुमच्या जागी उभी राहणारी पोट्टी असत. पण वीट ही वीट दिसे आणि पोट्टं पोट्टं. वीट 'मीच तो जोशी मास्तर' असं म्हणत नसे. १९९७ साली तत्काळ योजना आली. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीचं संकेतस्थळ सुरू झालं. पहिल्या काळात तिकीट संगणकावर काढायचं आणि ते कुरियरनं घरी यायचं. रांग घरात आली, पण दिसेनाशी झाली. आपल्यापुढं कोण उभं आहे, माणूस की वीट, हे कळायला मार्ग उरला नाही.

हा पेच जगात आधीच पडलेला होता. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारा एक यांत्रिक तुर्क आला आणि पुढं त्यानं भल्याभल्यांना हरवलं. त्याच्या पेटीत एक जिवंत खेळाडू अंग चोरून बसलेला असे. म्हणजे तेव्हा माणूस यंत्राचं सोंग घेई. १९५० साली अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञानं उलटा प्रश्न मांडला : पडद्याआडून नुसत्या लेखी उत्तरांवर यंत्रानं माणसाचं सोंग वठवलं तर? पन्नास वर्षांनी, २००० साली, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात वेडीवाकडी अक्षरं वाचायला लावणाऱ्या त्या परीक्षेचं 'कॅप्चा' असं बारसं झालं. ट्युरिंगच्या गोष्टीत परीक्षक माणूस होता. इथं परीक्षकही यंत्र! माणूस फक्त परीक्षार्थी, आणि तोही नापास होणारा.

"पण ही मशीन माणसासारखी क्लिक करते तरी कशी?" मी विचारलं.

पुतण्या जरा ओशाळला. कारण ते औजार त्याच्या पोटापाण्याचं होतं. २००४ साली शिकागोत जेसन हगिन्स या प्रोग्रामरनं 'सेलेनियम' बनवलं. संकेतस्थळ नीट चालतं की नाही हे तपासायला माणसानं दिवसभर तीच बटणं दाबत बसू नये, म्हणून. नावातही थट्टा आहे. बाजारातल्या प्रतिस्पर्धी कंपनीचं नाव 'मर्क्युरी', म्हणजे पारा. आणि पाऱ्याच्या विषावर उतारा सेलेनियमचा! हा नोकर मुळात इमानी. पुढं २०१८ साली जागतिक नियमच झाला, की यंत्र चालवत असलेल्या ब्राउझरच्या खिशात 'वेबड्रायव्हर' नावाची चिठ्ठी असावी आणि कुणी विचारलं तर त्यानं 'हो, मला यंत्र चालवतंय' असं सांगावं.

बहुरूपी शेवटी हसायचा ना, तसं.

दलालांच्या हाती हे औजार पडलं आणि पहिली फाडली गेली ती ही चिठ्ठी. मग सुरू झाला आजी आणि बहुरूप्याचा तोच जुना खेळ. २०१७ मध्ये पडद्याविना चालणारा क्रोम ब्राउझर आला. त्याला 'हेडलेस' म्हणतात, म्हणजे बिनडोक्याचा. हा बिनडोक्याचा आपली ओळख देतानाच 'मी बिनडोक्याचा' असं सांगे! सोंगाड्यांनी ती ओळख बदलली. आजीनं खिडकीची लांबीरुंदी मोजली. ती नेहमी एकाच मापाची निघाली. ते माप बदललं. मग आजी उंदराच्या, म्हणजे माउसच्या, चालीकडं पाहू लागली. यंत्राचा बाण सरळ रेषेत निघून बटणाच्या बरोब्बर मधोमध उतरतो, आणि अक्षरं घड्याळाच्या ठोक्यासारखी पडतात. हे झाले चकचकीत बूट. मग सोंगाड्यांनी यंत्राला वाकडंतिकडं चालायला, अडखळायला, मध्येच थांबायला शिकवलं. ही झाली बेतानं बसवलेली धूळ.

म्हणजे, वाचकहो, ज्या अडखळण्यापायी माझं तिकीट गेलं, ते अडखळणं या यंत्रांना मुद्दाम शिकवावं लागतं!

शिवाय जिथं यंत्राला अक्षरं वाचता येत नव्हती, तिथं पैसे देऊन माणसं बसवली गेली. दिवसभर दुसऱ्यांचे कॅप्चा सोडवायची ही मजुरी आपल्या देशातही चालली. तुर्काच्या पेटीत पुन्हा माणूस शिरला तो असा.

चोरांची नावंही रसाळ. सप्टेंबर २०२० मध्ये रेल्वे सुरक्षा दलानं असाच एक प्रोग्राम पकडला. त्याचं नाव आधी 'रेअर मँगो' होतं, पुढं 'रिअल मँगो' झालं. खोटेपणात इतका पारंगत, की नावच 'अस्सल' ठेवलं! आणि डिसेंबर २०१७ मध्ये सीबीआयनं असल्याच प्रोग्रामच्या आरोपावरून कोणाला धरलं? आपल्याच असिस्टंट प्रोग्रामरला. कुंपणानं शेत खाल्ल्याची म्हण आमच्याकडं तुरीच्या शेतापुरतीच होती. ती आता दिल्लीलाही चालते.

एवढं ज्ञान मिळाल्यावर पुतण्यानं आवाज खाली आणला. "काकाजी, एक पोट्टा आहे ओळखीचा. पाचशे जास्त घेते, पण पक्कं तिकीट देते."

खोटं कशाला बोलू? मी तयार झालो. असा धंदा करणाऱ्याला रेल्वे कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे मला ठाऊक होतं. पण ताईचं दुखणं कायद्याला ठाऊक नव्हतं. मी अमरावतीला फोन लावला. ताईनं सारं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बापू, ते तिकीट कोण्या तरी ताईचंच असंल ना रे? तिचा भाऊबी चष्माच पुसत बसला असंल."

मी फोन ठेवला आणि पाचशे रुपये परत खिशात घातले. ते काढताना जड वाटले नव्हते, घालताना वाटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी अकोल्याच्या स्टेशनावर आरक्षणाच्या खिडकीपुढं उभा राहिलो. माझ्यापुढं दोघं. दोघंही माणसंच, एक घोरत होता, यावरून खात्री पटली. दहाला खिडकी सरसावली. आतल्या बाबूनं माझा फॉर्म पाहिला, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, बहिणीचं वय तुमच्यापेक्षा कमी लिहिलं, अन् वर ताई म्हणता?" त्यानं स्वतःच आकडा दुरुस्त करवून घेतला. चूक पाहून माणूस ओळखणारा परीक्षक मला तेवढाच एक भेटला. तिकिटं मिळाली. ताई मुंबईला जाऊन आली, आणि आता बरी आहे.

पुढं १ जुलै २०२५ पासून संकेतस्थळावर तत्काळला आधारची पडताळणी सक्तीची झाली. अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केल्याचंही सरकारनं सांगितलं. चांगलंच झालं. पण दर सोंगाड्यामागं खऱ्या माणसाला आणखी एक पुरावा द्यावा लागतो, ही रीत काही बदलली नाही. सोंग बहुरूप्याचं, जामीन आपला.

परवा पेन्शनच्या कामानं एका संकेतस्थळावर गेलो. नाव सांगत नाही. त्यानं विचारलं, "तुम्ही यंत्रमानव नाही ना?" मी 'नाही' वर खूण केली. त्याला पटेना. नऊ चित्रांतल्या मोटारसायकली दाखवायला लावल्या. दाखवल्या. मग रस्त्यावरचे दिवे. तेही दाखवले. मग पुन्हा मोटारसायकली.

हात जोडून तसाच बसून राहिलो. अंगणातला तो बेलीफ आठवला. पायात खरे बूट, हातात खरं समन्स आणि पिशवीत सूपभर ज्वारी.