मराठवाड्यातील शालेय गणित-विज्ञान अध्यापन आणि संगणक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भारतातील शाळांत संगणकाचा संघटित प्रवेश १९८४-८५ मध्ये 'क्लास' या केंद्रीय प्रकल्पाद्वारे झाला. ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक सुमारे २५० निवडक शाळांना देण्यात आले. प्रकल्पाच्या नावातच संगणक 'साक्षरता' होती, आणि पुढील दोन दशकांची दिशा त्या एका शब्दाने ठरविली असे म्हणावे लागते. संगणकाच्या साहाय्याने भूमिती शिकणे मागे पडले व संगणक शिकणे हेच साध्य झाले.

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे तंत्रज्ञानाची उणीव नव्हती. इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षणाचे केंद्रीय केंद्र, जे आज 'नाइलिट' या नावाने ओळखले जाते, विद्यापीठाच्या परिसरातच आहे. तथापि त्याचे कार्य तंत्रज्ञ घडविण्याचे; शाळेतील गणिताची तासिका त्याच्या कक्षेबाहेरची होती.

डिसेंबर २००४ मध्ये केंद्र शासनाने 'आयसीटी ॲट स्कूल' योजना सुरू केली. महाराष्ट्रात ती टप्प्याटप्प्याने सुमारे ८,००० शाळांपर्यंत नेण्यात आली. खासगी कंपन्यांशी पाच वर्षांचा करार होई. यंत्रे कंपनीची आणि निदेशकही कंपनीचाच. या व्यवस्थेतील दोष येथेच दिसतो. निदेशकास गणित-विज्ञानाच्या अध्यापनाशी कर्तव्य नव्हते, आणि विषयशिक्षकास संगणक कक्ष परका होता. करार संपताच निदेशकांचा रोजगार गेला व त्यांना आंदोलनाचा मार्ग धरावा लागला. शिवाय याच काळात ग्रामीण मराठवाडा प्रदीर्घ भारनियमन सोसत होता; वीजच नसेल तर कक्षातील यंत्रे शोभेची ठरत, हे वेगळे सांगावयास नको.

२२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयानंतर चित्र काहीसे पालटले. अनेक गावांनी लोकवर्गणीतून जिल्हा परिषद शाळांना प्रोजेक्टर व टॅब दिले. यंत्र प्रथमच नेहमीच्या वर्गात, विषयशिक्षकाच्या हाती आले.

शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक परकीय भाषा निवडण्यास सांगण्यात आले. बहुतेकांचा ओढा रोबोटिक्स व तंत्रज्ञानाकडे असल्याने त्यांनी जपानी निवडली. गावाचा रस्ता धड नव्हता, इंटरनेट मात्र होते. विज्ञानाच्या जिज्ञासेने मुले भाषेच्या वाटेला लागली, हा क्रम कोणत्याही योजनेत लिहिलेला नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत शहरातील एका भाषातज्ज्ञाने ऑनलाइन पाठ विनामूल्य घेतले. अनेक घरांत स्मार्टफोन नसल्याने 'विषय मित्र' ही पद्धत अवलंबिण्यात आली : पाठास उपस्थित राहिलेल्या मुलाने तो फोन नसलेल्या सोबत्यास शिकवावयाचा.