ॲनिमेशनपटांतील वंशचित्रण

घरातल्या सर्वांनी, विशेषतः मुलांनी पाहावेत म्हणून काढलेल्या अमेरिकी ॲनिमेशनपटांत कृष्णवर्णीय, आदिवासी, अरब, आशियाई समाजांचे झालेले ठोकळेबाज चित्रण. त्याची चर्चा बहुधा कातडीच्या रंगाभोवती फिरते. पण चेहरा कोणाला दिला आणि आवाज कोणाचा दिला, हे तपासल्यास साचा अधिक स्पष्ट दिसतो. डिस्नेच्या ‘डम्बो’त (१९४१) भर पावसात, रात्री सर्कशीचा तंबू उभारणारे कृष्णवर्णीय मजूर दिसतात. देह धिप्पाड, चेहऱ्याच्या जागी मात्र नुसती कोरी सावली. आणि गाणे कसले, तर आपण निरक्षर आहोत, पगार उधळतो, तरी मजेत आहोत असे. चित्रीकरणात एखादी गोष्ट नकळत चौकटीत शिरू शकते; ॲनिमेशनमध्ये कोणी काढल्याशिवाय काहीच येत नाही. कोरा चेहरा हाही निर्णयच. याच चित्रपटातल्या म्होरक्या कावळ्याचे निर्मितीच्या वेळचे नाव ‘जिम क्रो’, म्हणजे वंशभेदी कायद्यांना पडलेले नाव. आणि आवाज क्लिफ एडवर्ड्‌स या गोऱ्या गायकाचा.

या कावळ्यांची बाजू घेणारे म्हणतात की डम्बो या हत्तीच्या पिल्लाला उडायला तेच मदत करतात. ते खरेच आहे, पण पात्र प्रेमळ असल्याने साचा मोडत नाही. व्यंगचित्रात सगळ्यांचीच टर उडते, हा दुसरा बचाव. पण गोऱ्या विदूषकाशेजारी गोरा नायकही असतो. ‘अलादीन’मध्ये (१९९२) मात्र नायक-नायिका अमेरिकी हेलात बोलतात आणि परके हेल पहारेकरी-व्यापाऱ्यांच्या वाट्याला येतात. अरब-अमेरिकी संघटनेच्या आक्षेपानंतर १९९३च्या व्हिडिओ आवृत्तीत सुरुवातीच्या गाण्यातली कान कापण्याची ओळ बदलली, हेल तसेच राहिले. ‘तो काळच तसा होता’ हा युक्तिवाद तर सर्वांत लंगडा: डिस्नेच्याच ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटावर १९४६ सालीच एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने टीका केली होती.

नंतरच्या काळात कृष्णवर्णीय पात्रे मध्यभागी आली. ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ची (२००९) टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या, चित्रपटाचा बराचसा भाग ती बेडकी असते. कथाच तशी आहे, हे मान्य. पण कथाही कोणीतरी निवडलेली असते. पिक्सारच्या ‘सोल’मध्ये (२०२०) नायक जो हा कृष्णवर्णीय जॅझवादक. त्याच्या देहात दुसरा आत्मा शिरतो, आणि बऱ्याच प्रसंगांत त्या देहातून प्रेक्षकाला टीना फे या गोऱ्या अभिनेत्रीचा आवाज ऐकू येतो.