जयगडाचा ‘ज’ आणि जुन्या कागदांची साक्ष

शास्त्री नदीच्या मुखाशीं दक्षिणतीरीं उभा असलेला जयगड इतिहासज्ञांस परिचित आहे. इ. स. १७१३ त बाळाजी विश्वनाथ व कान्होजी आंग्रे यांच्यामध्यें झालेल्या तहान्वयें तो आंग्र्यांकडे राहिला व १८१८ त इंग्रजांच्या हातीं गेला. आम्हांस येथें विचार करावयाचा आहे तो गडाचा नव्हे, त्याच्या नांवांतील पहिल्या अक्षराचा.

मराठींत च, ज, झ यांचे उच्चार दोन, पण चिन्ह एकच. मोडींतहि तीच स्थिति. सामान्य नियम असा कीं, तत्सम शब्दांत उच्चार तालव्य. तद्भवांत इ, ई, ए, य यांपूर्वीं तालव्य, एरवीं दंततालव्य. म्हणून ‘आजा’ व ‘आजी’ यांतील ज भिन्न. फारसीवरून आलेली ‘जागा’ म्हणजे स्थळ, हिचा ज तालव्य. निजलेला नव्हे तो ‘जागा’, त्याचा दंततालव्य.

नियमास अपवादहि आहेत. चौथा, चौदा, चाळीस यांत च दंततालव्य असतां ‘चार’ मात्र तालव्य कां? कँटनी बोलींतील अनियमित स्वराघात शोधणारे पंडित इ. स. १००८ च्या ‘ग्वांग्युन’ नामक यमककोशाशीं आजचा उच्चार ताडून पाहतात. आम्हांस असा कोश नाहीं. आमचा कोश म्हणजे आमचीं दप्तरें. त्यांत हा शब्द वारंवार ‘च्यार’ असा आढळतो. त्या यकारानें लेखकानें आपला तालव्य उच्चारच नोंदला आहे. ‘ज्यागा’ या लेखनाचेंहि मर्म हेंच.

आतां जयगडाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी नकाशांत हें नांव झेड या अक्षरानें आरंभिलेलें दिसतें. यावरून तेथें ज दंततालव्य उच्चारीत, असें अनुमान कोणी करील. परंतु विजयदुर्ग व आंध्रांतील विजयनगरम् यांच्या जुन्या इंग्रजी लेखनांतहि जकारास झेडच योजिलेला आहे. ‘जय’ व ‘विजय’ हे तर तत्सम शब्द. सबब, हा झेड परकीयांच्या लेखनाची रूढि असूं शकेल. तेवढ्यावर स्थानिक उच्चार सिद्ध होत नाहीं. परक्या कानापेक्षां स्वकीय लेखणीची साक्ष अधिक बळकट.

आणि हीच साक्ष आमच्या हातून नष्ट होत असते. मोडी कागद बालबोधींत उतरतांना ‘च्यार’चें ‘चार’ व ‘ज्यागा’चें ‘जागा’ केलें, कीं तो यकार गेला. मूळ कागद पुढें कसरीनें खाल्ला, तर तो उच्चार कायमचा बुडाला. यास्तव संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, नक्कल मुळाबरहुकूम करावी. शुद्ध रूप द्यावयाचें तर तें टीपेंत द्यावें. लेखकाचा प्रमाद समजून आपण जें खोडतों, तोच कित्येकदां त्याचा आवाज असतो.